तुळशीपत्र ठेवलेली दौलत
(पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे चरित्र)

काशीस श्रीविश्वेश्वराचे दर्शन घेणारा, गयेस विष्णुपदावर पिंडदान करणारा अथवा सोरटी सोमनाथाच्या चरणी माथा टेकविणारा मराठी भाविक पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव ऐकल्यावाचून परत येत नाही. घाट, कुंड, धर्मशाळा, अन्नछत्र यांपैकी काहीतरी त्या मातेने बांधलेले आहे, असे तेथील पुजारी आवर्जून दाखवितात. देवींचे हे कार्य सर्वांस ठाऊक आहे. मात्र ज्या घरातून ही संपत्ती आली त्या घरात सुख किती दिवस नांदले, याची माहिती फार थोड्यांस असते. हिंदुस्थानातील अत्यंत धनवान घराण्यांपैकी एकाच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला होत्या, त्या स्त्रीने आपल्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात पती, सासू, सासरे, पुत्र, नातू, जावई आणि कन्या यांचे मृत्यू पाहिले. त्या दौलतीने यांपैकी एकालाही थोपवून धरले नाही.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात असून पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यास आता अहिल्यानगर हे त्यांचेच नाव देण्यात आले आहे. पिता माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. घर खाऊनपिऊन सुखी, परंतु वैभव म्हणावे असे तेथे काही नव्हते. मल्हारराव होळकर मोहिमेवरून जात असता चौंडीच्या देवळात त्यांनी या लहानग्या मुलीस पाहिले व तिची शालीनता हेरून आपल्या एकुलत्या एक पुत्रासाठी तिला मागणी घातली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. १७३३ मध्ये खंडेरावांशी विवाह झाला आणि पाटलाची कन्या माळव्याच्या सुभेदाराची सून झाली.

हे वैभव होळकरांच्या घरात पिढीजात नव्हते. मल्हारराव हे नीरेकाठच्या होळ गावचे. पित्याचे छत्र लवकर हरपल्याने आईने त्यांना खानदेशात तळोद्यास, आपल्या भावाच्या घरी आणले. तेथे मेंढरे राखणारा तो मुलगा पुढे शिलेदार झाला आणि थोरल्या बाजीरावांच्या काळात माळव्याचा कर्ता सरदार बनला. एका आयुष्यात एवढे चढण चढलेले पुरुष त्या काळातही थोडेच असतील. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर करून दिली. तिचे सुरुवातीचे उत्पन्न सालिना सुमारे तीन लाख रुपये होते. खासगी ही घरच्या मुख्य स्त्रीची, आणि दौलत ही सरदाराची. या दोहोंचे हिशेब निराळे. पुढील हकिकत समजण्यासाठी हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मल्हाररावांनी जे मिळविले ते कष्टाने मिळविले आणि कष्टात असतानाच त्याचा आनंदही भोगला. खंडेरावांना ते आयते लाभले. ते शूर होते, लढाईस पाठ दाखविणारे नव्हते. परंतु मद्यपान आणि विलास यांकडे त्यांचा ओढा होता व कारभारात लक्ष लागत नव्हते, असे बहुतेक चरित्रकार नमूद करतात. मल्हाररावांनी पुत्रास पुष्कळ सांगून पाहिले आणि अखेर सुनेच्या हाती कारभाराची कागदपत्रे देण्यास आरंभ केला. वसुलाचे आकडे, फौजेचा दाणागोटा, तोफखान्याची देखभाल ही सर्व कामे अहिल्याबाई सासऱ्यांच्या हाताखाली शिकल्या. १७६५ मध्ये मल्हाररावांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांत ग्वाल्हेरकडे जाण्याविषयी व तोफांच्या बंदोबस्ताविषयी ज्या बारीक सूचना आहेत, त्या एखाद्या सेनाधिकाऱ्यास लिहिल्यासारख्या आहेत.

मार्च १७५४ मध्ये भरतपूरजवळील कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाईंनी त्या वेळी वयाची तिशीही ओलांडली नव्हती. पुत्र मालेराव व कन्या मुक्ताबाई ही दोन्ही मुले लहान होती. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या. मल्हाररावांनी पदर पसरून त्यांना थांबविले. म्हाताऱ्या सासऱ्यास आता पुत्र म्हणून तूच उरलीस, अशा आशयाची त्यांची विनवणी होती आणि ती मानून अहिल्याबाईंनी चितेकडे निघालेले पाऊल मागे घेतले. या प्रसंगाची आठवण वाचकांनी जागी ठेवावी. सदतीस वर्षांनी तसाच प्रसंग पुन्हा यायचा होता.

१७६१ मध्ये पानिपतचा संहार झाला व त्याच वर्षी गौतमाबाई निवर्तल्या. खासगीची जबाबदारी अहिल्याबाईंकडे आली. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. मेंढपाळाच्या काठीपासून सुभेदारीच्या वस्त्रांपर्यंत पोहोचलेल्या त्या पुरुषाने एवढे साम्राज्य उभारले, परंतु ते सोपवायला पुत्र राहिला नव्हता. मागे होता तो एकवीस वर्षांचा नातू मालेराव.

मालेरावांची कथा लिहिताना लेखणी अडखळते. लहानपणापासून त्यांना कशाची वाण नव्हती, आणि नाही हा शब्दही फारसा ऐकावा लागला नव्हता. इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम हे १८१८ नंतर माळव्यात होते. अहिल्यादेवींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडून त्यांनी माहिती घेऊन १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मालेरावांविषयी एक हकिकत आहे. आई ब्राह्मणांस दानधर्म करीत असे. पुत्राने दानाच्या वस्त्रांत व पादत्राणांत विंचू लपवावेत, रुपयांनी भरलेल्या घागरीतही विंचू सोडावेत आणि लोभाने हात घालणाऱ्यास दंश झाला म्हणजे हसावे. ऐश्वर्यात लोळणाऱ्या तरुणास करमणुकीसाठी हेच सुचावे, याहून त्या ऐश्वर्याची दुसरी कोणती परीक्षा हवी? आईने रडून, समजावून पाहिले. पुढे मालेरावांनी संशयावरून एका जरीकाम करणाऱ्या कारागिराचा वध करविला. तो निरपराध होता, असे मागाहून कळले, आणि त्या पश्चात्तापाने त्यांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. तो मृतात्मा आपल्या अंगी संचारला आहे, अशी लोकांची व खुद्द आईचीही समजूत होती. अहिल्याबाई रात्रंदिवस बिछान्यापाशी बसून त्या आत्म्याची मनधरणी करीत, त्यास देऊळ बांधून देण्याचे, त्याच्या कुटुंबास जमीन देण्याचे कबूल करीत. काहीही उपयोग झाला नाही. १७६७ मध्ये, सुभेदारीची वस्त्रे मिळून वर्षही झाले नाही तोच, मालेराव मरण पावले. आईनेच पुत्रास मृत्युदंड दिला, अशी एक कथा आजही रंगवून सांगितली जाते. माल्कम यांनी चौकशी करून हा प्रवाद निराधार ठरविला होता. भाविकांनीही तो सांगू नये, हे बरे.

आता घरात कर्ता पुरुष उरला नाही असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेऊन कारभार आपल्याकडे द्यावा, असा बेत मांडला. राघोबादादांची त्यास साथ मिळाली. अहिल्याबाईंनी दत्तकास नकार दिला, महादजी शिंद्यांसारख्या सरदारांकडे साहाय्य मागितले, फौज सज्ज केली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू कळविली. पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. दादासाहेबांना शोकसांत्वनासाठी आलो, असे म्हणावे लागले. तुकोजी होळकर यांच्याकडे सैन्याचे काम देऊन देवींनी मुलकी कारभार आपल्या हाती ठेवला.

याच सुमारास त्यांनी ती गोष्ट केली, जिच्यामुळे त्यांचे नाव आज घराघरांत घेतले जाते. मल्हाररावांनी साठविलेल्या धनावर त्यांनी विधिपूर्वक तुळशीपत्र ठेवले, पाणी सोडले आणि ते सर्व धर्मकार्यास अर्पण केले. मराठीत एखाद्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवणे म्हणजे तिच्यावरील आपला हक्क सोडणे. येथे हा वाक्प्रचार शब्दशः घडला. पुढे दादासाहेबांनी खजिन्याची मागणी केली, तेव्हा हे धन संकल्प सोडलेले आहे, ब्राह्मण म्हणून दान घ्यायचे असल्यास मंत्रपूर्वक घ्यावे, असे उत्तर गेले, अशी आख्यायिका आहे. दान घेण्यास पेशव्यांच्या कुळातील पुरुष अर्थातच तयार झाले नाहीत. आख्यायिकेचा भाग बाजूला ठेवला तरी संकल्पाची हकिकत माल्कम यांनीही नोंदविली आहे.

राजधानी नर्मदातीरी महेश्वरास आली. तेथील वाडा पाहणाऱ्या यात्रेकरूंची बहुधा निराशा होते. लाकडी खांब, ओसरी, चौक, आणि पांढरी बैठक. एखाद्या सुखवस्तू देशमुखाच्या घरापेक्षा फारसे काही अधिक नाही. देवी सूर्योदयापूर्वी घटकाभर उठत. पूजा, पुराणश्रवण, दानधर्म व ब्राह्मणभोजन झाल्यावर स्वतः जेवत. त्यांच्या कुळाचारात मांसाहारास बंदी नसतानाही त्यांचा आहार शाकाहारी होता. अल्प विश्रांतीनंतर दुपारी दोनपासून सहापर्यंत दरबार चाले. सायंपूजा व अल्पोपाहार झाला की रात्री नऊ ते अकरा पुन्हा कामकाज. दरबारात त्या पडद्याआड बसत नसत. तक्रारदार कोणीही असो, त्याचे म्हणणे स्वतः ऐकत. वस्त्र पांढरे, काठपदरावाचून. गळ्यात लहानशी माळ, याखेरीज दागिना नाही. राजाज्ञेवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव असे. राज्य शिवाचे आणि आपण त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्या, ही त्यामागील भावना होती.

स्तुतीचेही सुख त्यांना नको होते. एका विद्वानाने त्यांच्या गुणवर्णनाचा ग्रंथ रचून आणला. देवींनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण इतक्या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत सोडून देण्याची आज्ञा केली. ग्रंथकर्त्याकडे पुन्हा लक्ष दिले नाही. त्या बिचाऱ्याचे श्रम वाया गेले, असे मनात येते खरे. संगमनेरचे शाहीर अनंतफंदी यांना लावणी-तमाशाचा नाद सोडून कीर्तनाकडे वळविण्यास देवींचाच उपदेश कारण झाला, अशीही परंपरा आहे.

दुसऱ्याच्या धनाविषयी त्यांची वृत्ती कशी होती, हे खरगोणच्या एका प्रसंगावरून कळते. तेथील दोन सावकार बंधू निपुत्रिक वारले. बेवारस संपत्ती सरकारजमा व्हावी, ही त्या काळची सर्वमान्य रीत. त्यांच्या विधवांनी आपण होऊन सर्व धन देवींच्या पायाशी आणले. देवींनी त्यास हात लावला नाही. या धनाचा विनियोग लोकोपयोगी कामासाठी तुम्हीच करावा, असे त्यांना सुचविले. त्यातून खरगोणास नदीचा घाट व गणपतीचे मंदिर उभे राहिले. दान घेणाऱ्या हातांनी दात्याचे धन परत करून दात्यालाच पुण्याचे मालक करावे, असे उदाहरण विरळाच.

देवींचा दानधर्म खासगीच्या उत्पन्नातून चाले. फौजेस पैसा अपुरा पडत असता देवळांवर खर्च झाला, असा आक्षेप घेणाऱ्यांनी खासगी व दौलत यांचे हिशेब वेगळे होते, हे पाहिले पाहिजे. तुकोजींशी पैशावरून त्यांचे मतभेद होत, हे मात्र खरे. मोहिमेवरील सरदारास पैसा सदैव कमी पडतो आणि घरी वही सांभाळणाऱ्यास त्याचा हिशेब सदैव अपुरा वाटतो.

औरंगजेबाच्या आज्ञेने १६६९ मध्ये पाडलेल्या श्रीकाशीविश्वेश्वराचे सध्याचे मंदिर देवींनी १७८० मध्ये पूर्णत्वास नेले. १७८३ मध्ये सोमनाथास, मूळ भग्न मंदिराजवळच, नवीन मंदिर बांधून पूजा सुरू केली. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. वाराणसीचा मणिकर्णिका घाट, चौंडीचे मंदिर, महेश्वरचे घाट यांची यादी येथे पुरी करणे शक्य नाही. परंतु बांधकामाहूनही अधिक विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. देऊळ बांधणे त्या मानाने सोपे. पुढे शंभर वर्षे त्याची तेलवात चालविणे कठीण, हे कोणत्याही संस्थानच्या कारभाऱ्यास विचारावे. देवींनी ठिकठिकाणी पूजा, नंदादीप, अन्नछत्र यांसाठी वर्षासने नेमून दिली. दक्षिणेतील दूरदूरच्या देवालयांत गंगोदकाच्या कावडी पोहोचविण्याची व्यवस्था लावली.

आणि केवळ देवालयेच नव्हेत. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया असत. महेश्वराच्या आसपास नांगरास जुंपलेल्या बैलांना थांबवून पाणी पाजण्यासाठी माणसे नेमलेली असत. थंडीत आश्रितांस गरम कपडे मिळत. शेतकरी पिकावरून पाखरे हाकलतात, मग त्या पाखरांनी जावे कोठे, म्हणून देवींनी उभ्या पिकाची काही शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी सोडली. एवढ्या मोठ्या दौलतीतील या एका खर्चाकडे पाहिले, की ती दौलत कोणाच्या हाती होती ते समजते.

एवढे पुण्य ज्याच्या पदरी, त्याचे घर तरी सुखाने भरावे, अशी भाविक मनाची अपेक्षा असते. ती येथे पुरी झाली नाही, आणि चरित्र सांगताना हे झाकून ठेवणे देवींच्या सत्यनिष्ठेस शोभणार नाही. कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. चोरलुटारूंचा उपद्रव मोडून काढील त्या तरुणास कन्या देईन, असा पण देवींनी केला होता व यशवंतरावांनी तो जिंकला, असे सांगतात. त्यांचा पुत्र नत्थ्याबा हा आजीच्या डोळ्यांतील आनंद होता. सर्व उजाडल्यावर राहिलेले एवढेच एक अंकुर होते. तो तरुण वयात महेश्वरास वारला. सुमारे वर्षभरात, १७९१ मध्ये, यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाईंनी सहगमनाचा निश्चय सांगितला.

राज्याची स्वामिनी असलेल्या आईने मुलीपुढे लोटांगण घातले. मला एकटी टाकून जाऊ नकोस, म्हणून देवाची आण घातली. १७५४ मध्ये मल्हाररावांनी पसरलेला पदर अहिल्याबाईंना थांबवू शकला होता. मुक्ताबाई मात्र थांबल्या नाहीत. तुझे वय झाले आहे, थोड्या वर्षांत तुझे आयुष्य संपेल. पती व पुत्र दोघेही गेल्यावर मग मी कोणासाठी आणि किती काळ जगू, असे त्यांनी शांतपणे आईस सांगितले. देवी पायी चालत प्रेतयात्रेबरोबर गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचे धैर्य सुटले. हंबरडा फोडून, सोडवत नसलेल्या स्वतःच्या हातांस त्यांनी दातांनी चावे घेतले. मग नर्मदेत स्नान करून वाड्यात परतल्या आणि तीन दिवस जवळजवळ अन्नावाचून, एक शब्दही न बोलता बसून राहिल्या. ही क्रूर रूढी कायद्याने बंद होण्यास अजून अडतीस वर्षे होती.

चौथ्या दिवसानंतर दरबार पुन्हा भरू लागला. मुक्ताबाईंच्या स्मृतीसाठी देवींनी सुंदर स्मारक उभारले. वर्षासने पूर्ववत् जात राहिली, कावडी निघत राहिल्या, पाणपोयांवर माणसे उभी राहिली. देवाशी काही देवघेव ठरवून त्यांनी दान केले असते, तर तो व्यवहार मोडण्यास याहून सबळ कारण कोणते होते? परंतु धन जसे त्यांनी आपले मानले नव्हते, तसा दानाचा मोबदलाही आपला मानला नव्हता, असेच म्हणावे लागते. उरलेली चार वर्षेही सुखाची नव्हती. १७९३ मध्ये लाखेरीस शिंद्यांच्या फौजेने होळकरांच्या सैन्याचा मोठा पराभव केला. एकेकाळी ज्या महादजींनी साहाय्य केले, त्यांच्याच सैन्याशी घरची फौज लढून मोडली, हे वृद्ध देवींना पाहावे लागले.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावणाच्या अखेरीस, महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. दोन वर्षांत तुकोजीही वारले आणि त्यांच्या पुत्रांत वारशाचा कलह पेटला.

इंदूरहून महेश्वर सुमारे नव्वद किलोमीटर आहे. भाविकांनी शक्य तर सकाळी लवकर पोहोचावे. देवींच्या वाड्यात त्या वेळी लिंगार्चन चालते. ब्राह्मण काळ्या मातीची लहान लहान शिवलिंगे हातांनी घडवितात, पाटावर मांडून त्यांची यथासांग पूजा करतात, आणि पूजा आटोपताच ती सर्व नर्मदेत सोडून देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती मळली जाते. ही नित्यपूजा देवींच्या काळापासून चालत आलेली आहे.